शोधापासून उपचारापर्यंत : मधल्या वाटेचा खर्च कोणी उचलायचा?

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये तेव्हाही रेल्वे धावत होती. लस मुंबईत सिद्ध झाली होती, रोग पुण्यात माणसे नेत होता, आणि या दोहोंच्या मध्ये काही महिन्यांचे, काही लाख कुप्यांचे आणि पुष्कळशा पैशांचे अंतर होते.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. दोन महिन्यांत कोणतीही लस तपासून, पुरेशी बनवून गावोगाव पोचवता येत नाही. आजही येत नाही. तरीही या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे त्याचा विषय स्पष्ट होतो. शोध लागणे ही एक घटना असते. त्या शोधाचा उपचार होणे हे लांबलचक, खर्चिक आणि बहुतांशी अप्रसिद्ध असे काम असते. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याला पैसे कोणी द्यायचे, किती द्यायचे आणि त्याच्या बदल्यात काय मागायचे, यावर आपल्याकडे, विशेषतः मराठीत, फारच थोडे लिहिले गेले आहे. हे पुस्तक ती उणीव भरून काढू पाहते, म्हणून त्याचे मनापासून स्वागत करतो.

वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो की अमुक संस्थेत कर्करोगावरचे औषध सापडले. घरात कोणी आजारी असेल तर ते कात्रण जपून ठेवले जाते, डॉक्टरांना दाखवले जाते. डॉक्टर मान हलवतात. पाच वर्षे जातात, दहा जातात, औषध दुकानात येत नाही. मग लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो किंवा कोणीतरी ते औषध दाबून ठेवले असे वाटू लागते. खरे कारण बहुधा साधे असते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर जे चालले ते माणसावर चालेल की नाही हे पाहायला फार मोठी वाट चालावी लागते. आधी प्राण्यांवर सुरक्षिततेच्या तपासण्या. मग माणसाला देता येईल इतक्या शुद्ध स्वरूपात औषध बनवण्याची सोय. त्यानंतर माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे : पहिल्यात काही डझन माणसे, दुसऱ्यात शेकडो, तिसऱ्यात बहुधा हजारो. प्रत्येक सहभागी माणसाची तपासणी, विमा, नोंदी आणि पुढची काही वर्षे पाठपुरावा. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी मान्यता मिळवते. बाकीच्या नवांवरही खर्च झालेलाच असतो.

या वाटेची कल्पना सातारा जिल्ह्यातल्या वाईकरांना गावालगतच्या पसरणीच्या घाटावरून चटकन येईल. घाटाच्या पायथ्यापर्यंत यायला सरकारी संशोधन अनुदान असते. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा त्यावर चालतात. घाटमाथ्यावर औषध कंपन्या उभ्या असतात. औषध चालते असे दिसले की त्या पुढे येतात. मधल्या चढाचा खर्च मात्र कोणाच्याच खात्यात बसत नाही. संशोधन अनुदान देणारे म्हणतात, हे आता मूलभूत विज्ञान राहिले नाही. गुंतवणूकदार म्हणतात, अजून फार धोका आहे. जगभरातले कितीतरी चांगले शोध या चढावर थांबले आहेत आणि तिथेच विसरले गेले आहेत. या चढासाठी पैसा कसा उभा राहिला, कुठे राहिला नाही, याच्या महाराष्ट्रातल्या काही गोष्टी मी इथे सांगतो. पुढची प्रकरणे वाचताना त्या हाताशी असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट हाफकिनचीच. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग फुटला आणि सरकारने त्यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी तीनेक महिन्यांत लस उभी केली. स्वतःवर प्रयोग झाल्यावर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली गेली. मग मोठी जागा लागली, तेव्हा आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि त्यांच्या खोजा समाजातल्या हजारो लोकांनी लस टोचून घेतली. १८९९ मध्ये सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेसाठी दिले. तीच पुढे १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे सरकारचा पैसा, एका धनिकाची वास्तू आणि सामान्य माणसांनी पुढे केलेला दंड, या तिन्हींवर ती लस उभी राहिली. तिसऱ्या भांडवलाची नोंद हिशेबाच्या वहीत होत नाही, पण ते नसते तर पहिली दोन वाया गेली असती.

या गोष्टीचा एक दुःखद भागही आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच कुपीतून लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेले. कुपी गावात उघडताना दूषित झाली असल्याचे पुढे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. शोध बरोबर असूनही तो रुग्णापर्यंत नेणाऱ्या साखळीतली एक कडी कच्ची राहिली तर काय होते, हे त्यातून दिसते. निर्जंतुक बाटल्या भरणे, टोचणाऱ्याला शिकवणे, प्रत्येक घाण्याची तपासणी करणे, या कामांना कीर्ती नसते. पैसा मात्र लागतो, आणि तिथे काटकसर केली तर माणसे मरतात.

दुसरी गोष्ट आपल्या घाटापलीकडची. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाटाने पोलादपूर उतरले की महाड येते. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा तरुण डॉक्टर. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी टिपला. १९८२ मध्ये ही लक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. मग त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून पाहिली, आणि १९८६ मध्ये त्याबद्दलही ‘लॅन्सेट’मध्येच लिहिले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत. प्राझोसिनमुळे हे प्रमाण एकाच्या घरात आले.

या कामामागे मोठी प्रयोगशाळा नव्हती, कंपनीचे पाठबळ नव्हते. नवे औषधही नव्हते. बाजारात आधीपासून असलेली स्वस्त गोळी होती. तिचा नवा उपयोग सिद्ध करून कोणाचाही धंदा वाढणार नव्हता. विंचू चावतो तो अनवाणी शेतकऱ्याला, भाताचा पेंढा उचलणाऱ्या बाईला, अंगणात झोपलेल्या पोराला. ही माणसे औषध कंपनीच्या हिशेबात बाजारपेठ म्हणून दिसतच नाहीत. म्हणून तिथे एका डॉक्टरची चिकाटी आणि पदरचा वेळ हेच भांडवल झाले. पुढे हाफकिन संस्थेच्या परिवाराने विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले, आणि डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनबरोबर प्रतिविष यांची रीतसर तुलना केली. २०११ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली, प्रतिविष जोडल्याने रुग्ण लवकर सावरतात असे दिसले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान योग्यच आहे. पण शोध लागायला आणि तो पक्का व्हायला तीसहून अधिक वर्षे एका माणसाने असे झिजावे लागणे, ही व्यवस्था म्हणून चालणार नाही. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात सापडणार नाहीत, आणि जी आहेत त्यांना वेळेवर दोन मदतनीस आणि थोडे अनुदान मिळाले असते तर किती वर्षे वाचली असती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

मालक नसलेल्या औषधाचा हाच प्रश्न टाटा मेमोरियल रुग्णालयाने वेगळ्या रीतीने सोडवला. १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून परळला हे रुग्णालय सुरू झाले, १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे गेले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. या विभागाच्या नियमित पैशामुळे तिथले डॉक्टर असे प्रश्न विचारू शकले जे कोणतीही कंपनी विचारणार नाही. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले : स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती साधे भूल देणारे लिडोकेन टोचले तर? देशातल्या अकरा केंद्रांमध्ये सोळाशे महिलांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या महिलांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले होते. लिडोकेन प्रत्येक दातांच्या दवाखान्यात असते, आणि त्याचा खर्च किरकोळ आहे. ही चाचणी पुरी व्हायला मात्र दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो सगळा काळ कोणीतरी पैसे देत राहिले म्हणून ते उत्तर मिळाले.

त्याच रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी प्रमाणात, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. एका वर्षानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध बनवणाऱ्याला ते कमी विकले जावे असे का वाटेल? हा प्रश्न रुग्णाच्या बाजूने विचारायचा तर पैसाही रुग्णाच्या बाजूचाच, म्हणजे लोकांचाच, हवा. या पुस्तकातला मला सर्वात मोलाचा वाटणारा विचार हाच आहे, आणि तो मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो : पैसा कोठून येतो यावर कोणते प्रश्न विचारले जातील हे ठरते. नफ्यासाठी आलेला पैसा वाईट नसतो. त्याने अनेक उत्तम औषधे दिली आहेत. पण तो स्वतःहून बिरवाडीला जात नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कहाणी दूरवरून आलेल्या पैशाची आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्य सेविकांना शिकवून, व्हिनेगरमध्ये असते त्या अॅसिटिक अॅसिडने दर दोन वर्षांनी तपासणी केली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. त्याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांमध्ये १,३१,७४६ महिलांचा दुसरा अभ्यास झाला. त्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या, आणि गेट्स फाउंडेशनचा निधी होता. २००९ मध्ये कळले की हा रोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीची एकच फेरी या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. व्हिनेगरच्या एकाच फेरीने मात्र तेवढा फरक पडत नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की धोरण ठरवणाऱ्याला नेमके कळते : स्वस्त तपासणी करायची तर पुन्हा पुन्हा करावी लागेल. हे ज्ञान धाराशिव आणि मुंबईच्या स्त्रियांनी जगाला दिले.

आणि इथेच एक टोचणी आहे. या अभ्यासांमध्ये तुलनेसाठी हजारो स्त्रियांचा एक गट असा होता ज्यांची तपासणी त्या काळात झाली नाही, फक्त आरोग्यशिक्षण दिले गेले. त्या गटातल्याही काही जणी याच रोगाने गेल्या, आणि यावर पुढे जगभर कडाक्याचा नैतिक वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या वेळी आपल्याकडे अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे की पैसा देणाऱ्या देशात हा अभ्यास अशा रीतीने होऊच शकला नसता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे माझ्या मनाला लागते. ज्याचा पैसा त्याच्या देशातले मापदंड आपल्या गावालाही लागू व्हायला हवेत. आपल्या चाचण्यांसाठी आपला पैसा नसला की ही अट घालण्याचे बळही आपल्याजवळ राहत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. आफ्रिकेत १९९६-९७ मध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आली. अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार दगावले. लस बनवण्याचे शास्त्र ठाऊक होते, पण ज्यांना ती हवी होती ते देश गरीब होते. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी प्रकल्प हाती घेतला. त्यांनी आधी आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांना विचारले की तुम्हाला किती किंमत परवडेल. उत्तर आले : एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. एवढ्या किमतीला मोठ्या पाश्चात्त्य कंपन्या तयार झाल्या नाहीत. तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले, लस पुण्यात बनली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि त्या प्रकारचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. किंमत आधी ठरली, शोध त्या किमतीत बसवला गेला. निधी देताना किमतीची अट घातली तर काम अडत नाही, उलट नेमके होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

अलीकडचे सर्वात बोलके उदाहरण मुंबईचे. रुग्णाच्याच रक्तातल्या प्रतिकार पेशी काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराला कार-टी म्हणतात. परदेशात त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत यावर काम सुरू झाले, टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या चाचण्या केल्या, २०१८ मध्ये इम्युनोअॅक्ट ही कंपनी निघाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये उभारलेल्या बायरॅक या संस्थेचा पैसा या चढावर कामी आला. खाजगी गुंतवणूक त्यानंतर आली. २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला उपचार मिळाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार-१९ देशाला अर्पण झाले. किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. हा मोठा पराक्रम आहे. तरीही साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबाने हा आकडा ऐकला तर त्याच्या डोळ्यांपुढे जमीनच येईल. म्हणून पुढचा प्रश्न आत्ताच विचारायला हवा : ज्या उपचाराच्या वाटेवर लोकांचा पैसा लागला, त्याच्या किमतीवर लोकांचा काही हक्क असावा की नाही?

मला तो असावा असे ठामपणे वाटते, आणि तो हक्क करारात आधीच लिहिलेला असावा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळ्या केलेल्या करोना विषाणूपासून कोव्हॅक्सिन बनली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिच्या चाचणीसाठी सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले आणि विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन ठरवून घेतले. सरकारी प्रयोगशाळा आणि खाजगी कंपनी यांच्यात असा व्यवहार होऊ शकतो हे त्यातून दिसले. त्याच्या पुढे जाऊन किमतीची मर्यादा, सरकारी रुग्णालयांसाठी राखीव पुरवठा आणि चाचणीचे सगळे निष्कर्ष, अपयशासकट, जाहीर करण्याची अट, या तीन गोष्टी प्रत्येक सार्वजनिक अनुदानाच्या कागदात असाव्यात.

आणि जे अजून घडलेच नाही त्याचे काय? वाई तालुक्यात, कृष्णाकाठच्या उसात, रात्रीची वीज आली की पंप सुरू करायला शेतकरी अंधारात जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरचे, घोड्याच्या रक्तातून काढलेले. ही पद्धत १८९० च्या दशकात सापडली. मूळ कल्पना आजही तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. दुर्लक्ष कोणी केले, हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. ज्याला साप चावतो त्याच्याकडे पैसे नसतात, म्हणून त्याच्यासाठी शोध लागत नाहीत, आणि लागले तरी चढावर अडतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे नाहीत, डॉक्टर नाहीत. अशा देशाने आधी तिथे पैसा घालावा की संशोधनात? मी या आक्षेपाला बिरवाडीचे उत्तर देतो. विंचूदंशाचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातच सापडला. जिथे रुग्ण आहे तिथे डॉक्टर आणि नोंदी असतील तरच आपले प्रश्न आपल्याला कळतील. आणि त्या प्रश्नांची उत्तरे शोधायला पैसा असेल तरच त्या केंद्रातला डॉक्टर हतबल होऊन बसणार नाही. ही दोन खर्चाची खाती एकमेकांविरुद्ध उभी करणे चूक आहे. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक. या आकड्यात आरोग्य केंद्राचा घास कोणी हिरावतो आहे असे दिसत नाही.

पैसा उभा कसा करायचा, हे साताऱ्याला शिकवायची गरज नाही. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती धनिकांच्या देणगीची वाट न पाहता. घरोघरची मूठभर धान्याची देणगी त्यांनी वसतिगृहाच्या चुलीपर्यंत आणली. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी मंगळसूत्रही दिले. त्या धान्याचे फळ एका हंगामात मिळणार नव्हते, पिढी मोठी झाल्यावर मिळणार होते, आणि ते लोकांना समजत होते. वाईत तर दीर्घ पल्ल्याच्या ज्ञानकार्याला पैसा देणे ही गावाची ओळखच आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली साठच्या दशकात इथे सुरू झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मधली सगळी वर्षे राज्य सरकारने पहिला खंड हातात नसताना पैसे दिले. त्या वर्षांत कोणी ‘निकाल काय?’ म्हणून अनुदान थांबवले असते तर मराठीत विश्वकोश झाला नसता. वैद्यकीय संशोधनाला असाच सबुरीचा पैसा लागतो. मार्चअखेरीस खर्च दाखवण्याच्या घाईत आणि पुढचा हप्ता सहा महिने अडकण्याच्या भीतीत रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा करता येत नाही.

आज मार्ग आहेत. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान अस्तित्वात आले आहे. बायरॅक सुरुवातीच्या कल्पनेला पन्नास लाखांपर्यंत अनुदान देते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर अशा उद्योगांना जागा आणि सल्ला देते. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि सार्वजनिक संस्थांमधले वैद्यकीय संशोधन त्यात बसते. मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय १८९४ मध्ये सातासमुद्रापलीकडच्या चर्चमधल्या देणगीदारांच्या पैशाने उभे राहिले. असे देणगीदार आज आपल्याकडेही आहेत. आपल्या जिल्ह्यांतले साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका आणि परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मंदिरांना आणि शाळांना सढळ हाताने देतात. त्यांनी एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या नोंदींना, एखाद्या चाचणीतल्या परिचारिकेच्या पगाराला पाच वर्षे पैसे द्यायचे ठरवले तर ते दान शोभेचे नसेल, पण माणसे वाचवेल.

पुढच्या प्रकरणांत हे सारे क्रमाने येते : मान्यतेचे टप्पे, अनुदानाचे प्रकार, गुंतवणूकदारांचे गणित, पेटंट, चाचणीतल्या माणसांचे हक्क आणि २०१९ च्या नव्या नियमांनी त्यांत झालेले बदल. आकड्यांची प्रकरणे सावकाश वाचावीत. तीच पुस्तकाचा कणा आहेत. विद्यार्थ्यांनी चाचण्यांच्या रचनेवरचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. लोकप्रतिनिधींनी आणि संस्थाचालकांनी मात्र किमतीवरचे प्रकरण चुकवू नये.

वाचकांकडे माझी एकच मागणी आहे. यापुढे नव्या औषधाची बातमी वाचली की तीन प्रश्न विचारा, आणि आपल्या आमदार-खासदारांनाही विचारायला लावा. या शोधाच्या पुढच्या चढाचे पैसे कोण देणार आहे? चाचणीत ज्यांनी शरीर पुढे केले त्यांना परदेशातल्या रुग्णाइतकेच संरक्षण होते का? आणि औषध तयार झाल्यावर ते कोणत्या किमतीला, कोणत्या दवाखान्यात मिळणार आहे? हे प्रश्न विचारणारे नागरिक पुरेसे झाले की अर्थसंकल्पातल्या ओळी बदलतात. प्लेगच्या काळात आपल्यातल्या हजारो लोकांनी दंड पुढे केला. आता उपचार कोणते शोधायचे आणि त्यांचा खर्च कसा वाटून घ्यायचा, हे ठरवण्याच्या बैठकीतही आपण बसायला हवे.